मागचे चार वाफे

प्रयोंगच्या अंगाला त्या वर्षी कायम माशांचा वास यायचा. चम्नियनला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या वासाचा राग यायच्याऐवजी त्याची कीव आली, आणि तिथेच सगळं बिघडलं. राग आला असता तर ती भांडली असती. भांडणाची दोघांना बत्तीस वर्षांची सवय होती. त्यात कुणाचं काही गेलं नसतं.

प्रयोंग हा हौशी माणूस. तरुणपणी त्यानं झुंजीचे मासे पाळले, ते झुंजायच्या आधीच मेले. मग बेडूक पाळले. पाणी चढलं त्या वर्षी ते कुंपणावरून उड्या मारून गेले, आणि आठवडाभर कालव्याकाठच्या घराघरांतून लोकांनी तळलेले बेडूक खाल्ले, वर प्रयोंगलाच जेवायला बोलावलं. त्यानंतर ऑर्किडं झाली. त्यांचं नाव काढलेलं त्याला अजूनही चालत नाही. ह्या सगळ्या हौशी पोसून घर उभं राहिलं ते पेरूंच्या जिवावर. त्याच्या वडिलांनी खणलेले दहा लांब गादीवाफे, दोन वाफ्यांच्या मधे पाण्याचा चर, चरात होडी. साम्फ्रानच्या बाजूला सगळ्यांच्या बागा अशाच.

मग अनोंगबाईंनी गट काढला. ह्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. बारा बागा, कुणी रासायनिक खत घालायचं नाही, औषध फवारायचं नाही. तपासायला बाहेरचा साहेब येणार नाही. शेजाऱ्यानंच शेजाऱ्याच्या बागेत फिरायचं, पानं उलटून बघायची, माती हुंगायची, आणि विहाराच्या मंडपात सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं.

प्रयोंगनं सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"सावकाश घ्या," बाई म्हणाल्या होत्या. "आधी पाचोळा घाला, जलपर्णी कुजवा, चरातला गाळ वर ओढा. माती आजारातून उठतेय असं समजा. तिला पेज द्यायची, एकदम डुकराचं मटण वाढायचं नाही."

प्रयोंगनं पाचोळाही घातला आणि गाळही ओढला, पण त्याचं मन बसलं ते माशांच्या पाण्यावर. दर गुरुवारी तो महाछायच्या मासळी बाजारात जाऊन आतडी आणि डोकी घेऊन यायचा. त्यात उसाची मळी, अननसाची सालं, नारळाचं पाणी. निळ्या पिंपांत एकवीस दिवस. रोज सकाळी प्रत्येक पिंप चाळीस वेळा ढवळायचं, मग ते पाणी पातळ करून झाडांच्या बुडाशी सोडायचं.

"चाळीसच का?" चम्नियननं एकदा विचारलं होतं.

"एकोणचाळीसला बरोबर नाही लागत."

"बेचाळीस ढवळलंस तर?"

"म्हातारे, तू तुझं भाताकडे बघ."

पाचव्या महिन्यात झाडं पिवळी पडली. आधी खालची पानं, मग वरची. फळ लिंबाएवढं व्हायचं आणि किडीपासून राखायला बांधलेल्या पिशवीसकट गळून पडायचं. सकाळी चरात पांढऱ्या पिशव्या तरंगत असायच्या. कालव्यातून जाणारे होडीवाले ओरडायचे, "काय प्रयोंगशेठ, पेरू काढून केळी लावली काय? सगळं पिवळं दिसतंय!" तो हसायचा. पिंपं ढवळून झाली की वाफ्याच्या कडेला उकिडवा बसायचा आणि झाडांना सांगायचा, "घाई नाही हं. आरामात." ज्याला जन्मात कुणी घाई नाही असं म्हटलं नव्हतं तो माणूस हे झाडांना सांगायचा. चम्नियनला ते स्वयंपाकघरातून ऐकू यायचं.

खोपीत युरियाची तीन पोती उरलेली होती. तुझ्या भावाला देऊन टाक, असं त्यानं तिला सांगितलं होतं. तिनं एक दिलं. दोन ठेवली, जुन्या चटयांखाली. तेव्हा मनात काही नव्हतं. तिला वस्तू टाकवत नाहीत, एवढंच.

एका गुरुवारी तो बाजाराला गेला. तिनं बागेच्या कोपऱ्यात खांबावर जे जागेच्या देवाचं घरकुल आहे तिथे लाल सरबताची बाटली उघडून ठेवली आणि हात जोडले. "देवा, ही काही चोरी नाही. घरचंच आहे. झाडं हिरवी होऊ देत, एकवीस उकडलेली अंडी देईन." मग कमरेला घमेलं लावून तिनं मुठीमुठीनं पांढरे दाणे पेरले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिच्या मुठीत काय होतं ते तिला आणि देवाला ठाऊक.

पुढचे सहा वाफे झाले. मागचे चार केळींच्या रांगेपलीकडे. तिथपर्यंत घमेलं न्यायला गुडघा तयार नव्हता. शेवटी तिनं होडीतला पंप सुरू केला, चरातून फिरत सहाही वाफ्यांवर पाणी मारलं, आणि दाणे विरून गेले.

प्रयोंग दुपारी आला, हातात वास मारणारी बादली. "पाणी दिलंस?"

"दिलं."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्या दिवशी त्याच्या आवडीचं आंबट कालवण केलं.

पंधरा-वीस दिवसांत सहा वाफे हिरवेगार झाले. एखाद्या माणसाच्या तोंडावर हसू पसरावं तसं पानांवर हिरवं चढत गेलं. प्रयोंग तिला हाताला धरून बागेत घेऊन गेला. बत्तीस वर्षांत त्यानं तिचा हात असा दोनदाच धरला होता, आणि त्यातल्या एकदा होडी उलटत होती. "बघ," तो म्हणाला. "बघ म्हातारे. चाळीस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या रात्री ती तसं ठरवून झोपली. पण नवस बोलून फेडला नाही तर जागेचा देव घरात आजारपण घालतो, म्हणून सकाळी उठून तिनं आधी अंडी उकडली. ताटात रचून घरकुलापुढे ठेवत होती तर हा मागे येऊन उभा. त्यानं अंडी मोजली. मग गमछ्यानं डोळे पुसले.

"माझ्या पाण्यासाठी नवस केला होतास?" तो म्हणाला. "तू? मला वाटायचं तू मनातल्या मनात हसतेस."

तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, "खाऊन घे दोन. देवाचं बघून झालंय."

एकदा हात घातला की काढता येत नाही. पानांचा रंग उतरायला लागला की तिचा हात चटयांखाली जायचा. दोन पोती तिनं वर्षभरात पाच वेळा करून संपवली, पाचही वेळा गुरुवारी, पाचही वेळा पुढच्याच सहा वाफ्यांना.

प्रयोंग आता प्रयोंगमास्तर झाला. गटातले लोक बाग बघायला यायचे. तो त्यांना पुढच्या वाफ्यांमधून फिरवायचा, फळ कापून द्यायचा, पिंपाचं झाकण उघडून त्यांचे चेहरे बघत राहायचा. मागे कुणी निघालंच तर म्हणायचा, "तिकडे नका जाऊ, चिखल आहे." फळ मोठं आलं, पण त्याला पाणी फार. दाताखाली कचकन मोडायला हवं तो पेरू नुसता ओला लागायचा. तिखटमीठ लावलं तरी चव चढत नव्हती. प्रयोंगनं पुष्कळ विचार केला आणि पिंपातलं नारळाचं पाणी कमी केलं. पुढच्या वेळी आणखी कमी केलं. वहीत तारखा घालून लिहून ठेवलं. ती वही समोर आली की चम्नियन उठून भांडी घासायला जायची. एवढ्या निगुतीनं लिहिलेलं, आणि सगळं तिच्या मुठीचं.

चरापलीकडे लामुनची बाग होती. लामुन चाळिशीची, नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, आई अंथरुणाला खिळलेली, सात वाफे एकटीच्या हातात. कष्टाळू, आणि जीभ अशी की अनोंगबाईसुद्धा तिच्याशी जपून बोलायच्या. एका संध्याकाळी ती पायऱ्यांवर येऊन बसली.

"दादा, मला तुमचं पाणी शिकवा. मी सगळी बाग त्यावर घेते."

"सगळी?" चम्नियन आतून म्हणाली.

"मग काय ताई? अर्धी बाग रासायनिक, अर्धी देवाची, असं गटात चालतं का?"

"पहिल्या वर्षी दोन-तीन वाफ्यांनाच करून बघ. माती मातीत फरक असतो."

"दादांनी तर सगळ्याच वाफ्यांना केलं. दादांची माती आणि माझी माती, मधे एक चर. त्यात आमची बदकंसुद्धा एकच आहेत."

प्रयोंग खूश होऊन हसला. "ही म्हातारी अशीच. मलाही थांब म्हणत होती. आणि मग गुपचूप नवस बोलून बसली."

चम्नियननं चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यानंतर तिनं लामुनला दोनदा कालवण नेऊन दिलं आणि एकदा तिच्या आईला अंघोळ घातली. कालवणानं जे फिटत नाही ते अंघोळीनंही फिटत नाही.

लामुन सकाळी सहाला पिंपं ढवळायची. चम्नियनच्या चुलीजवळच्या खिडकीतून समोर दिसायचं ते. ती मोठ्यानं मोजायची, चाळिसापर्यंत, मधेच एखाद्या बदकाला शिवी घालून पुढचा आकडा. एक दिवस चुकला नाही. आई दवाखान्यात होती त्या आठवड्यात ती पहाटेच्या बसनं येऊन ढवळून परत जायची.

तिची झाडं पिवळी पडली. मग आणखी पिवळी पडली. वर्ष उलटलं तरी वर चढेनात. तपासणीला गेलेल्यांनी येऊन मंडपात सांगितलं: खत नाही, औषध नाही, आणि फळही नाही.

"पाणी तेच," लामुन उभी राहून म्हणाली. "दादांच्या हाताखाली शिकले. मळी तीच, मासे तेच. मग माझीच झाडं का मेली?"

प्रयोंगला आता उत्तरं द्यायची सवय लागली होती. "ढवळण्यात कसूर झाली असणार," तो म्हणाला. "बघ लामुन, राग मानू नकोस. हे काम धीराचं आहे. एक दिवस ढवळलं, दोन दिवस झोपलं, असं नाही चालत. पिंप सडतं. सडलेलं पाणी झाडाला विष."

"मी झोपले?"

"एकटी बाई, आईचं दुखणं. होतं असं. पण पाण्याला नावं ठेवू नकोस."

कुणीतरी मागं खुसकन हसलं. लामुन वळली, आणि सगळ्या मंडपातून तिनं नेमकं चम्नियनकडे बघितलं.

"ताई, तुमच्या खिडकीतून माझी पिंपं दिसतात. तुम्ही सांगा. मी रोज ढवळायचे की नाही?"

सगळे चम्नियनकडे बघायला लागले. प्रयोंगही. एक शब्द होता. 'ढवळायची' एवढाच. पण ती ढवळायची असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग झाडं का मेली, आणि त्याच्या पुढचा, मग तुमची का जगली. चम्नियनला ते प्रश्न एकामागून एक रांगेत उभे दिसले.

"दिसतात," ती म्हणाली. "पण मी काही सारखी खिडकीत नसते गं."

लामुन मंडपाच्या पायऱ्या उतरली. मग चपला पायात घालून निघून गेली. त्यानंतर ती गटात आली नाही.

महिन्याभरात तिच्या बागेत पोकलेन शिरलं. दोन दिवस त्याचा आवाज चालला होता. सात वाफ्यांवरची झाडं मुळासकट उपटून ढीग लावला, वाफे सपाट केले, आणि जमीन कोळंबीच्या तळ्यासाठी एकाला करारानं दिली. लामुन हमरस्त्यावर फळांच्या टपरीत बसायला लागली, दुसऱ्यांचे पेरू सोलून-कापून पिशव्या भरायला.

"धीर नाही लोकांना," प्रयोंग म्हणाला. पण दोन दिवस त्यानं पिंपं ढवळली नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी ढवळली ती न मोजता.

पुढच्या साली एक विचित्र गोष्ट झाली. पुढचे सहा वाफे उतरले. पोती संपली होती आणि झाडांना आयतं खायची सवय लागली होती. आणि केळींच्या पलीकडचे चार वाफे, जे अडीच वर्षं रडत होते, ते उठले. पान लहान पण जाड, काळपट हिरवं. फूल असं लागलं की मधमाश्या मोजायला बसावं. फळ मुठीत मावेल एवढंच, पण जड. चावलं की कचकन आवाज, आणि गोडी जिभेवरून उतरेना. प्रयोंगनं एक खाल्लं, मग वाफ्यावर बसून आणखी तीन खाल्ले.

मग त्यानं विचार केला. प्रयोंगनं विचार केला की घराला धोका असतो.

"माती," तो रात्री जेवताना म्हणाला. "मागची माती वेगळी आहे. बाबांनी तिकडे जुन्या तळ्याचा गाळ घातला असणार. पाणी दोन्हीकडे तेच, मग फरक कशाचा? मातीचा! मागची माती पुढे आणायची."

"चार वाफ्यांची माती सहा वाफ्यांना?"

"वरची वीतभर. होडीनं."

तो बासष्टचा होता. दुसऱ्या दिवशी फावडं आणि दोन टोपल्या घेऊन निघाला. मागच्या वाफ्यावरची वीतभर माती खरवडायची, होडीत भरायची, चरातून पुढे आणायची, उपसून टाकायची. पहिल्या दिवशी अकरा फेऱ्या. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी कंबर धरून आला आणि पालथा पडून तिच्याकडून तेल चोळून घेतलं. चौथ्या दिवशी पुन्हा निघाला. चम्नियन मागे गेली तर त्यानं एका झाडाच्या भोवतीची माती काढून मुळं उघडी पाडलेली. अडीच वर्षांनी उभं राहिलेलं झाड. तो फावडं उचलून पुढच्या झाडाकडे वळत होता.

"थांब," ती म्हणाली.

"ऊन व्हायच्या आत हे झाड..."

"थांब म्हटलं ना! मातीचं काही नाही." तिनं होडीची कड धरली. ती होडीतच बसली, त्याच्या मातीवर. "पुढच्या वाफ्यांना मी युरिया घातला होता. पहिल्या साली. पाच वेळा. तू बाजाराला जायचास तेव्हा."

प्रयोंग फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. केळीत कोकीळ ओरडत होती. त्या पाखराला ह्या घरचं काही माहीत नव्हतं.

"भावाला दिला होतास."

"एक पोतं दिलं."

"मागच्या वाफ्यांना?"

"नाही. गुडघा."

त्यानं खाली बघितलं, मग केळींच्या फटीतून पुढे बघितलं. ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर तिला त्यांचं काय करायचं ते माहीत होतं. पण तो बोटं मोजायला लागला.

"म्हणजे इथं नुसतं पाणी. पाणी, गाळ आणि पाचोळा," तो म्हणाला. "आणि अडीच वर्षं."

"हो."

"म्हणजे चालतं."

"चालतं," ती म्हणाली. "हळू चालतं."

त्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत ते विझलं. "लामुननं किती दिवस दिलं?"

"सव्वा वर्ष."

प्रयोंग वाफ्यावर बसला. उघड्या पडलेल्या मुळांवर त्यानं हातानं माती ओढली, थोडी थोडी. "मी तिला झोपलीस म्हणालो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. एकटी बाई, असं म्हणालो." मुळं झाकली गेल्यावर म्हणाला, "हे वाफे पिवळे आहेत ते मला रोज दिसत होतं. केळींची सावली आहे असं मी स्वतःला सांगायचो. लोकांना म्हणायचो, तिकडे चिखल आहे. चिखल कुठं होता?"

"माझ्यामुळे..."

"तू गप बस जरा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग चार दिवसांनी आला, आणि आला तेव्हा चांगला महिनाभर राहिला. पण ते त्या दोघांचं.

माती पुन्हा मागे नेऊन टाकायला त्यांना आठ दिवस लागले. ह्या वेळी ती होडी वल्हवत होती.

मग दोघं हमरस्त्यावर गेले. लामुन टपरीत बसून पेरू कापत होती. तिनं दोघांना बघितलं, हात थांबवला नाही. "कुठले देऊ? गोड पाहिजेत की तुमच्यासारखे पाणचट?"

चम्नियननं सांगितलं. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना लामुननं तिखटमिठाची पुडी घालून पिशव्या दिल्या, पैसे घेतले, हात जोडले, आणि पुन्हा "हं, पुढे" म्हणाली. सांगून झाल्यावर सुरी पाटावर ठेवली.

"दादा," ती म्हणाली. ती चम्नियनकडे बघतच नव्हती. "मी आणखी एक वर्ष थांबले असते तर?"

चम्नियनला वाटलं, हा आता काहीतरी म्हणेल, माती मातीत फरक असतो, सांगता येत नाही. असल्या बोलण्यात तो तयार होता.

"झाडं उठली असती," प्रयोंग म्हणाला.

लामुननं मान हलवली. "आता हे सांगायला का आलात? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून? इथं मला रोज चाळीस किलो पेरू कापायचे असतात. त्यात आणखी तुमचं ओझं कुठं ठेवू?"

"तू म्हणशील ते आम्ही करतो," चम्नियन म्हणाली.

"मला झोपाळू म्हटलं ते मंडपात म्हटलं. हे टपरीवर येऊन कानात सांगता होय?" तिनं सुरी उचलली. "जा आता. गिऱ्हाईक आहे."

पौर्णिमेच्या दिवशी गटाची बैठक असते. चम्नियन उभी राहिली तेव्हा अनोंगबाईंना वाटलं, ही जेवणाचं काही सांगतेय. तिनं सगळं सांगितलं, पोती, गुरुवार, नवस, अंडी. अंड्यांपाशी लोक हसले. त्यांना वाटलं नवरा-बायकोची गंमत चाललीय. मग ती खिडकीपाशी आली. "लामुन रोज ढवळायची," ती म्हणाली. "सकाळी सहाला. मोजून चाळीस. मी रोज बघायचे. त्या दिवशी मी खोटं बोलले." आता कुणी हसलं नाही.

तेव्हा तिला लामुन दिसली. मंडपाच्या शेवटच्या पायरीवर, आत न येता. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

अनोंगबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चम्नियनबाई, प्रयोंग, दोघांची नावं वर्षभर गटातून काढावी लागतील," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मी सावकाश घ्या म्हणाले होते. पण हिरवी पानं बघून मीही खूश झाले. मागच्या वाफ्यांत मीही गेले नाही." मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पण मास्तर, मग ते पाणी लागू पडायला किती दिवस धरायचे?" प्रयोंग उठला. सगळे थांबले. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "माझ्या चार वाफ्यांना अडीच वर्षं लागली. एवढंच माहीत आहे. आणि मला मास्तर म्हणू नका."

चम्नियन बाहेर पळाली. गुडघा दुखत होता. लामुन झाडाखाली मोटरसायकलला किल्ली लावत होती.

"लामुन."

"ऐकलं मी. सगळं ऐकलं." तिनं किल्ली फिरवली नाही. "ताई, पोकलेन आलं त्या दिवशी मी तिथंच उभी होते. झाड वर उचललं की मुळं लोंबायची. त्या मुळांना नवी मुळं फुटली होती. पांढरी, बारीक, केसांसारखी. प्रत्येक झाडाला. मला वाटलं, मरताना झाड असंच करत असेल."

तिनं डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा लावला.

"तिसऱ्या झाडापाशी पोकलेनवाला थांबला होता," ती म्हणाली. "म्हणाला, बाई, ही जिवंत दिसतात, नक्की काढू ना? मी म्हटलं, काढ."